ताडले होते, मानले नाही

मे २००३. लास वेगासमधील ‘बिनियन्स हॉर्सशू’ या जुगारगृहात पोकरची जागतिक स्पर्धा अंतिम टप्प्यावर आली होती. ८३९ स्पर्धकांपैकी आता दोघेच उरले होते. एका बाजूला सॅमी फरहा, लेबनॉनमध्ये जन्मलेला, मुरलेला व्यावसायिक खेळाडू. ओठांत कायम न पेटवलेली सिगारेट. दुसऱ्या बाजूला ख्रिस मनीमेकर, टेनेसीतला सत्तावीस वर्षांचा हिशेबनीस. (आडनाव खरोखरच तेच आहे.) इंटरनेटवरच्या पात्रता फेरीत शंभर डॉलरांहूनही कमी रक्कम भरून तो इथवर पोहोचला होता. प्रत्यक्ष टेबलावर बसून खेळलेली ही त्याची पहिलीच मोठी स्पर्धा.

त्या रात्रीच्या एका डावाविषयी आजचा हा धागा आहे. डाव तीन-चार मिनिटांचा. पण त्याच्या मुळाशी जायला दोनशे वर्षे मागे जावे लागते.

आधी खेळाची रीत. ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मध्यभागी उघडली जातात. या सातांतून ज्याची पाच पाने सरस, तो डाव जिंकतो. मात्र प्रत्येक टप्प्यावर रक्कम लावावी लागते आणि समोरच्याने वाढवलेली चाल झेपली नाही, तर पाने टाकून बाजूला व्हावे लागते. दिवाळीच्या रात्री तीन पत्ती खेळलेल्यांना ‘चाल’, ‘पॅक’ आणि ‘शो’ हे शब्द नव्याने सांगायला नकोत. तीन पत्तीचे मूळ ‘ब्रॅग’ नावाच्या इंग्रजी खेळात असल्याचे मानले जाते आणि तो पोकरच्याही नात्यातलाच. तेव्हा हे घराणे आपल्याला अगदीच परके नाही.

तर तो डाव. मध्यभागी इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. मग इस्पिकची अठ्ठी. फरहाच्या हाती राणी आणि नव्वी. म्हणजे नव्व्यांची जोडी, मध्यभागातल्या पानांशी जुळू शकणारी सर्वांत वरची. मनीमेकरच्या हाती इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. त्याचे अजून काहीच जुळले नव्हते. मात्र पाचवे पान इस्पिकचे आले असते तर रंग पूर्ण होत होता, पंजी किंवा दश्शी आली असती तर पाच पानांचा क्रम लागत होता. आली बदामची तिर्री. रंग नाही, क्रम नाही, साधी जोडीसुद्धा नाही.

आणि मनीमेकरने आपल्या साऱ्या चिप्स पुढे सरकवल्या.

फरहाने त्याच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. तुझा रंग जुळला नाही वाटते, अशा अर्थाचे तो मोठ्याने बोललाही. त्याने अचूक ताडले होते. समोरच्या माणसाकडे काय नाही, हे त्याच्या तोंडून सर्वांसमक्ष बाहेर पडले होते. त्यानंतर त्याने आपली नव्व्यांची जोडी टाकून दिली.

हे चित्रीकरण मी कितीदा पाहिले असेल, सांगता येणार नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पत्त्यांचे डाव पाहत बसावे, हे आमच्या घरी फारसे रुचलेले नाही. पण मला त्यातली फट खुणावते. ताडणे आणि ताडलेल्यावर सर्वस्व लावणे, या दोहोंमध्ये एक फट असते आणि माणसे तिथेच अडखळतात. पोकरचा इतिहास मला तरी या फटीचाच इतिहास वाटतो.

या खेळाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात आकार घेतला. ‘पोक’ नावाच्या फ्रेंच खेळाचा त्यावर ठसा होता. प्रारंभीचा पोकर वीस पानांचा होता: चार खेळाडू, प्रत्येकी पाच पाने, गड्डी संपली. पाने बदलण्याची सोय नाही, उघडे पान एकही नाही. समोरच्याविषयी जाणून घ्यायला दोनच साधने, त्याची बोली आणि त्याचा चेहरा. चेहऱ्यावरची रेघ हलू न देणाऱ्या माणसाची ख्याती या खेळातून पसरली, ती उगाच नव्हे.

पुढे बावन्न पानांची गड्डी आली. त्यानंतर पाने बदलून घेण्याची मुभा मिळाली, आणि इथे एक सूक्ष्म क्रांती घडली. प्रतिस्पर्ध्याने तीन पाने बदलली, तर त्याच्याकडे बहुधा एक जोडी आहे. एकच बदलले, तर रंग किंवा क्रम अर्ध्यावर आहे, किंवा दोन जोड्या आहेत. पहिल्यांदाच सर्वांना दिसेल असा पुरावा टेबलावर आला. ‘स्टड’ प्रकारात काही पाने उघडीच वाटली जाऊ लागली आणि होल्डेममध्ये पाच पाने सामाईक झाली. प्रत्येक बदलासरशी चेहऱ्याचे महत्त्व थोडे उतरत गेले आणि तर्काचे वाढत गेले. तरीही लोकांच्या मनात पोकर म्हणजे डोळ्यांत डोळे घालून बसलेली दोन माणसे, हेच चित्र कायम राहिले. चित्रपटांनी ते अधिकच गडद केले.

मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटींवर हा खेळ फोफावला आणि त्याच्यासोबत लबाडीही. जुलै १८३५ मध्ये व्हिक्सबर्ग या नदीकाठच्या गावात संतप्त जमावाने पाच जुगाऱ्यांना फासावर लटकवले. १८४३ मध्ये जोनाथन ग्रीन या सुधारलेल्या जुगाऱ्याने या धंद्यातल्या क्लृप्त्या उघड करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. बोटीवरचा एखादा सभ्य गृहस्थ प्रतिस्पर्ध्याचे मन वाचतो अशी वाहवा होत असेल, तेव्हा त्यामागे पानांच्या पाठीवरच्या खुणा असण्याचा संभव मोठा होता. अलौकिक अंतर्ज्ञानाची कथा ऐकताना इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या मनात पहिली शंका हीच यावी: पाने खुणेची तर नव्हती ना?

हीच शंका मनात ठेवून आता १९२१ च्या वॉशिंग्टनला जाऊ. तिथे पणाला युद्धनौका लागल्या होत्या.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स आणि इटली ही राष्ट्रे आरमारी शक्तीवर मर्यादा घालण्यासाठी नोव्हेंबर १९२१ मध्ये एकत्र आली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स ह्यूज यांचा आग्रह असा, की अमेरिकेच्या दहा भागांस जपानने सहा भाग आरमार ठेवावे. जपानची मागणी सातची. दोन्ही पक्ष ठाम दिसत होते. कोणाचा ठामपणा खरा आणि कोणाचा पोकळ, हाच प्रश्न होता.

न्यूयॉर्कमध्ये मात्र एक माणूस अंदाज करण्याच्या फंदात पडलाच नव्हता. त्याचे नाव हर्बर्ट यार्डली. इंडियाना राज्यातल्या वर्दिंग्टन या छोट्या गावात १८८९ मध्ये जन्मलेला. पोरवयातच गावातल्या दारूच्या गुत्त्यांमध्ये पोकरचे धडे गिरवलेला. १९१९ पासून तो अमेरिकेचे गुप्त सांकेतिक लिपी उकलणारे कार्यालय चालवत होता. पुढे ते ‘ब्लॅक चेंबर’ या नावाने गाजले. तोक्यो आणि वॉशिंग्टनमधील जपानी प्रतिनिधी यांच्यातल्या तारा या कार्यालयात उलगडल्या जात होत्या. २८ नोव्हेंबरच्या तारेत तोक्योने आपल्या प्रतिनिधींना माघारीच्या पायऱ्या कळवल्या होत्या. अमेरिका हटून बसली, तर जपान शेवटी सहावर येईल, हे त्यातून स्पष्ट होत होते.

अमेरिका हटून बसली. जपान सहावर आला. फेब्रुवारी १९२२ मध्ये करारावर सह्या झाल्या.

स्टड पोकरमध्ये प्रतिस्पर्ध्याचे एक पान झाकलेले असते आणि सारा खेळ त्या एका पानाभोवती फिरतो. ते पान पाहून झाल्यावर खेळ फारसा अवघड राहत नाही, असा शेरा यार्डलीने १९३१ च्या आपल्या पुस्तकात याच प्रसंगाविषयी मारला आहे. (हे पुस्तक बाहेर येताच जपान सरकारला काय झाले ते कळले, आणि त्याने आपले संकेत बदलले. अमेरिकेत यार्डलीवर टीकेची झोड उठली ती वेगळीच.) हा धागा वाचणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. त्या तारा पुढे उघड झाल्या नसत्या, तर वॉशिंग्टनच्या परिषदेचा इतिहास आपण कसा लिहिला असता? ह्यूज यांना जपानी मनाची नाडी सापडली होती, त्यांनी आपल्या अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवला, अशी दोन-चार भारदस्त वाक्ये आपण नक्कीच लिहिली असती.

गंमत अशी, की याच यार्डलीने उतारवयात, १९५७ मध्ये, पोकर शिकवणारे पुस्तक लिहिले आणि ते भरपूर खपले. त्यातला उपदेश मात्र धाडसाचा नाही. हात चांगला असेल तरच खेळा, एरवी पाने टाका आणि दुसऱ्यांकडे लक्ष ठेवा, असा तो कंजूष म्हणावा इतका सावध सल्ला आहे. झाकलेले पान पाहण्याचे सुख एकदा अनुभवलेला माणूस चेहऱ्यांवर फारसा विसंबत नसावा. हा माझा तर्क.

इकडे युरोपात काही गणितज्ञांनी चेहराच वगळून टाकला होता. हंगेरीत जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमनने १९२८ मध्ये अशा खेळांचा गणिती सिद्धान्त मांडला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पोकरला सविस्तर जागा दिली. त्यातला निष्कर्ष तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटला असेल: पोकळ बोली ही गणिताचीच गरज आहे, तिचा धिटाईशी संबंध नाही. हात उत्तम असतानाच जो मोठी चाल करतो, त्याच्यासमोर कोणी टिकतच नाही आणि त्याच्या उत्तम हातांचे चीज होत नाही. म्हणून काही वेळा त्याने रिकाम्या हातानेही चाल केलीच पाहिजे. किती वेळा, तेही काढता येते. मध्यभागी जमलेल्या रकमेइतकीच चाल करायची असेल, तर अशा तीन चालींपैकी एक पोकळ असावी. मग समोरच्याने पाहिले काय आणि टाकले काय, त्याचा फायदा होत नाही.

२०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणक-प्रणालीने वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून चार अव्वल व्यावसायिकांना हरवले. तिला डोळे नव्हते, आणि त्यांची गरजही पडली नाही.

मग माणसाच्या त्या ‘आतल्या आवाजा’चे काय? त्याचे सर्वांत प्रांजळ उत्तर मला एका जुगाऱ्याकडे सापडले. डॉइल ब्रन्सन, टेक्सासचा. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक विजेता, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात हाती दश्शी आणि दुर्री! आपल्या गाजलेल्या मार्गदर्शक ग्रंथात तो सांगतो, की आपल्याला जे ‘जाणवते’ त्यात अतींद्रिय असे काही नाही. हा खेळाडू पूर्वी अशाच प्रसंगी कसा वागला होता, हे कुठेतरी नोंदलेले असते. ती नोंद वर येते, पण ती कोणत्या डावातली हे आठवत नाही. अंतःप्रेरणा म्हणजे तारीख-वार पुसले गेलेले स्मरण, असे मी त्याचे भाषांतर करीन.

याचे सर्वांत लखलखीत उदाहरण स्टू उंगरचे. न्यूयॉर्कचा हा किरकोळ बांध्याचा तरुण आधी ‘जिन रमी’त इतका निष्णात झाला, की त्याच्यासमोर बसायला कोणी तयार होईना, म्हणून तो पोकरकडे वळला. १९९० च्या दशकाच्या आरंभी मन्सूर मातलूबी या १९९० च्या जगज्जेत्याशी त्याचा एकास एक सामना झाला. एका डावात मध्यभागी दोन तिर्र्या, सत्ती, राजा आणि राणी. मातलूबीने उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे केल्या. उंगरच्या हाती दश्शी आणि नव्वी. म्हणजे काहीच नाही. एखाद्या क्षुल्लक जोडीनेही तो हरला असता.

काही सेकंद विचार करून उंगरने सांगितले, की तुझ्याकडे चौकी-पंजी तरी आहे किंवा पंजी-छक्की. आणि त्या दश्शीच्या बळावर त्याने चाल पाहिली. मातलूबीकडे चौकी-पंजीच होती.

ही कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते. पण तिच्याकडे जरा इतिहासकाराच्या नजरेने पाहा. पहिली तीन पाने आली तेव्हा मातलूबीने उंगरची चाल फक्त झेलली, वाढवली नाही. चौथे पान राजा आले तेव्हा दोघेही थांबले. राजा किंवा राणी जुळली असती, तर मातलूबीने अखेरीस इतरांना पळवून लावणारी एवढी मोठी चाल कशाला केली असती? थोडी रक्कम लावून त्याने उंगरला गुंतवले असते. तिर्री असती, तर वाट पाहून सापळा रचला असता. उरतो तो तिर्री-सत्तीच्या मधल्या जागा भरून क्रम लावू पाहणारा, आणि तो न जुळलेला हात. अशा हातांची पाने चौकी, पंजी, छक्कीच असणार. म्हणजे दश्शी वरचढ. हे सगळे उंगरने पायरीपायरीने मांडले असेल असे नाही. पण मांडता येते, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. ज्या अंदाजाची कारणे मागाहून का होईना सांगता येतात, त्याला चमत्कार म्हणण्याचे कारण उरत नाही.

आणि हाच उंगर घोड्यांच्या शर्यतींवर आणि खेळांच्या निकालांवर पैजा लावून पोकरमध्ये कमावलेले सारे घालवत राहिला. व्यसनांनी उरलेसुरले नेले. १९९७ मध्ये तिसऱ्यांदा जागतिक विजेता झाला. नोव्हेंबर १९९८ मध्ये लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलमध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, मृतावस्थेत सापडला. पत्त्यांच्या टेबलावर जो आतला आवाज खरा ठरे, त्याच आवाजाने घोड्यांविषयीही तितक्याच खात्रीने बोलावे आणि ऐकणाऱ्याला दोहोंतला फरक कळू नये, यातली शोकांतिका मला त्या दश्शीपेक्षा मोठी वाटते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन यांचे या विषयावर वर्षानुवर्षे पटत नव्हते. २००९ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला आणि एका गोष्टीवर एकमत झाल्याचे कळवले. अंतःप्रेरणेवर भिस्त ठेवायची, तर दोन अटी हव्यात: त्या क्षेत्रात काही नियमितपणा असावा, आणि आपला अंदाज बरोबर ठरला की चूक, हे वारंवार कळत राहावे. आता पोकरकडे पाहा. नियमितपणा आहे, पण समोरचा पॅक झाला, की त्याची पाने झाकलेलीच गड्डीत परत जातात. तुम्ही पॅक झालात तरी तेच. अंदाजाचा निकाल लागतच नाही. खेळाडू वर्षानुवर्षे चुकीचे शिकत राहू शकतो, आणि त्याचा आत्मविश्वास मात्र वाढतच जातो.

चेहऱ्याबद्दलही एक मासला. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, व्यावसायिक खेळाडू चिप्स पुढे सरकवत असतानाचे चित्रीकरण सामान्य प्रेक्षकांना दाखवले. केवळ चेहरे पाहणाऱ्यांना हाताच्या दर्जाचा अंदाज आला नाही. केवळ बाहूंची हालचाल पाहणाऱ्यांना तो अधिक बरा आला. चेहरा सांभाळायला सगळेच शिकतात. कोपराकडे कोणाचे लक्ष नसते.

हे मला इतके का लागते, तेही सांगतो. पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्या वर्षी एका छापील संग्रहातले अठराव्या शतकातले मराठी पत्र मी चर्चासत्रात मांडले. अशा पत्रांवर पुष्कळदा तिथी असते, वार असतो, पण वर्ष नसते. संपादक ते तर्काने ठरवतो. मला तीव्रपणे ‘जाणवले’, की संपादकाचे वर्ष चुकले आहे. पत्राचा सूरच त्या वर्षाचा वाटत नव्हता. मी ते ठणकावून सांगितले. मागच्या बाकावरून एकच शब्द आला: कशावरून? माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे जंत्री उघडून तिथी-वार ताडून पाहिले. संपादकाच्या वर्षाशी ते चोख जुळत होते, माझ्या वर्षाशी नाही. मी जेमतेम वीसेक पत्रे वाचली होती. त्या संपादकाच्या हाताखालून हजारो गेली असतील. त्याच्याकडे ब्रन्सनचे स्मरण होते, माझ्याकडे उंगरचे घोडे.

तेव्हा फरहाला भित्रा म्हणणाऱ्यांत मी नाही. आपण तो डाव पाहतो तो टेबलाच्या कडेला बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांतून. दोघांचीही पाने आपल्याला दिसत असतात. जाणकार म्हणून आपण जे सुनावतो, ते सारे झाकलेले पान पाहून. फरहाच्या बाजूने विचार करा. मध्यभागी इस्पिकची तीन पाने पडलेली, क्रमही लागण्याजोगा. समोरचा नवखा. नवखी माणसे जगज्जेतेपदाच्या टेबलावर रिकाम्या हाताने सारे पुढे ढकलत नाहीत, हे फरहाच्या हजारो डावांचे स्मरण त्याला सांगत असणार. एक स्मरण म्हणत होते की रंग जुळलेला नाही. दुसरे म्हणत होते की असा माणूस थाप मारत नाही. दोन्ही आवाज आतलेच. त्याने दुसरा ऐकला.

त्यानंतर त्यांचा शेवटचा डाव आला. मध्यभागी गुलाम, पंजी, चौकी. फरहाच्या हाती गुलाम आणि दश्शी. म्हणजे पुन्हा एकदा मध्यभागाशी जुळलेली सर्वांत वरची जोडी. पुन्हा साऱ्या चिप्स पणाला लागल्या. या वेळी फरहाने पाने टाकली नाहीत.

मनीमेकरच्या हाती पंजी आणि चौकी होती. शेवटच्या पानाला आणखी एक पंजी आली. हिशेबनीस पंचवीस लाख डॉलर घेऊन टेनेसीला परतला.